ट्रेसीला दिलेली तीन मतं

अमेरिकेहून परत आलेल्या माणसाला लोक धबधब्याबद्दल विचारतात. मी तो पाहिला नाही. मुलाला रजा नव्हती आणि मला थंडी सोसत नाही. अडीच महिन्यांत मी पाहिलं ते एक तळं, एक डोंगररांग आणि त्यांच्या राष्ट्राध्यक्षांची घसरत चाललेली लोकप्रियता. ही शेवटची गोष्ट तिथे टीव्हीवर रोज दाखवतात, आपल्याकडे सोन्याचा भाव दाखवतात तशी. काल काय होती, आज काय आहे, उद्या काय होईल. त्या लोकप्रियतेत माझाही थोडा हात होता, आणि त्यापायी मुलाचा संसार मी जवळपास बुडवलाच होता. नागपुरात ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. धबधबा नाही पाहिला एवढ्यावर भागवते.

मॉरिसव्हिल, सप्टेंबर २००८

माझा मुलगा निखिल, सून गौरी आणि सहा वर्षांची नात ईशा नॉर्थ कॅरोलिनातल्या मॉरिसव्हिलला राहतात. त्याला गाव म्हणणं जिवावर येतं. चौक नाही, भाजीबाजार नाही, उभं राहून कुणाची उखाळीपाखाळी काढावी असा एकही कोपरा नाही. एकसारखी घरं, एकसारखं गवत, आणि मधोमध एक तळं. जवळच मोठमोठी ऑफिसं असल्यामुळे आपली माणसं मात्र मुबलक. सकाळी तळ्याकाठी फिरायला जावं तर साडीवर स्पोर्ट्स शूज घातलेल्या दहा-बारा आज्या हमखास भेटतात. आपल्याकडे "मुलीचं जमलं का?" विचारतात, त्याच सुरात त्या विचारतात, "तुमच्याकडे ग्रीनकार्ड झालं का?"

आमच्याकडे व्हायचं होतं. ग्रीनकार्ड म्हणजे त्या देशात कायम राहण्याचा परवाना. निखिलला तिथे जाऊन सात वर्षं झाली होती आणि त्याची फाइल अखेरच्या टप्प्यावर होती. त्यांच्या वकीलबाईंनी सांगितलं होतं, आता थोडे दिवस सांभाळून राहा. ते या दोघांनी इतकं मनावर घेतलं की घरात सोवळं पाळल्यासारखं वातावरण होतं. गाडी वेगमर्यादेच्या खालीच. लायब्ररीची पुस्तकं मुदतीच्या चार दिवस आधी परत. शेजाऱ्याचा कुत्रा गौरीच्या अंगावर धावून आला, तर तिनेच त्याला सॉरी म्हटलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं.

त्यात निवडणुकीचा हंगाम. त्यांच्याकडे दोनच मोठे पक्ष, एकाची खूण गाढव आणि दुसऱ्याची हत्ती. आपल्याकडे गाढव हे चिन्ह कुणी फुकट दिलं तरी घेणार नाही. उमेदवारांपैकी एक वयस्क, एक तरुण, आणि जायला निघालेले राष्ट्राध्यक्ष तिसरेच. टीव्हीवर सकाळ-संध्याकाळ मतचाचण्या. कोण कणखर वाटतो, कोण प्रामाणिक वाटतो, आणि कुणाबरोबर बसून बिअर प्यायला आवडेल. हा शेवटचा प्रश्न ऐकून मी थक्क झाले. आपल्याकडे उमेदवार स्वतःच पाजतो, आवडेल का म्हणून विचारत बसत नाही.

आमच्या डाव्या हाताला अर्ल नावाचे निवृत्त पोस्टमन राहत. त्यांच्या हिरवळीवर हत्तीवाल्यांची पाटी होती, समोरच्या बाईंच्या हिरवळीवर गाढववाल्यांची. शनिवारी अर्ल स्वतःचं गवत कापत आणि मग तेच यंत्र घेऊन समोरच्या बाईंचंही कापून देत, बाईंची पाटी अलगद उचलून, बाजूला ठेवून, पुन्हा नीट रोवून. आमच्या वॉर्डात याच कामासाठी दोघांची डोकी फुटली असती आणि गवत तसंच राहिलं असतं.

आमच्या हिरवळीवर पाटी नव्हती. एकदा अर्लनी कुंपणावरून निखिलला विचारलं, तुझं काय मत? निखिल घाईघाईने म्हणाला की दोघांच्याही चांगल्या बाजू आहेत. मी त्याच्याकडे बघतच राहिले. हा मुलगा सोळाव्या वर्षी आमच्या घरमालकाशी नगरसेवकावरून दीड तास भांडला होता. आत आल्यावर मी म्हटलं, अरे, तुला काही मत आहे की नाही? तो म्हणाला, "आई, कार्ड आल्यावर मत. तोपर्यंत न्यूट्रल."

बुधवारची दुपार

मला घरात एकच नियम घालून दिला होता, लँडलाइन वाजली तर उचलायची नाही. सगळे सर्व्हेवाले असतात, मशीन मेसेज घेईल, असं गौरीने बजावलं होतं.

मी पाळलाही असता. पण मी महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं मास्तरीण होते. सरकारला शिक्षक दिसला की काहीतरी मोजायला सांगावंसं वाटतं. जनगणना, मतदार यादी, पोलिओ, शाळाबाह्य मुलं, सगळं मोजून झालंय माझं. उन्हात दारोदार हिंडायचं, आणि माणूस खिडकीच्या फटीतून बघून दार उघडत नाही तेव्हा काय वाटतं ते मला ठाऊक आहे. बंद घर म्हणजे पुन्हा फेरी, आणि वर साहेबांची बोलणी. तीन दिवस फोन दुपारी बरोबर त्याच सुमारास वाजत होता. मला कळलं की कुणाच्या तरी यादीत आमचं घर अपुरं राहिलंय. बुधवारी मी फोन उचलला.

पलीकडे ट्रेसी नावाची मुलगी होती. माझा हॅलो ऐकून तीच दचकली, दिवसभरात कुणी उचललाच नसावा. मतचाचणीसाठी वीस मिनिटं द्याल का, म्हणाली. मी म्हटलं, चाळीस घे. माझं इंग्रजी सावकाश आहे, पण व्याकरणशुद्ध आहे.

घरात नोंदणी झालेला मतदार आहे का, हा पहिला प्रश्न. मी छाती पुढे काढून सांगितलं, आहे. सासरी आल्यापासून माझं नाव यादीत आहे, आणि गल्लीतल्या निम्म्या लोकांची नावं मीच घातलीत. तिने कुठल्या देशातला मतदार ते विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. खरं सांगायचं तर ते माझ्या ध्यानातच आलं नाही. यादी आली की मन जुन्या रुळांवरून धावू लागतं.

मग खरा घोळ झाला. आपल्या जनगणनेत दारात जो भेटेल तो सगळ्या घराची माहिती देतो. आजी नातसुनेचं शिक्षण सांगते, दीर भावजयीचं वय सांगतो. एकाच्या तोंडून दहांची नोंद झाली की ते घर पूर्ण. मी ट्रेसीला सांगितलं, घरात आम्ही तीन मोठी माणसं आहोत, तिघांचं लिहून घे. ती जरा घुटमळली. असं चालतं का ते तिलाही नीट माहीत नव्हतं, तिचा दुसराच आठवडा होता आणि ठरलेल्या आकड्याला तिला पुष्कळ फॉर्म कमी पडत होते. कीबोर्डची टकटक थांबली आणि पुन्हा सुरू झाली. म्हणजे तिने तीन फॉर्म उघडले.

राष्ट्राध्यक्षांचा कारभार कसा वाटतो? पसंत, थोडासा पसंत, थोडासा नापसंत, की अगदी नापसंत? टीव्हीवर सगळा देश त्यांना शिव्या घालत होता. पण मी पाहुणी. ज्यांच्या घरी उतरलो त्यांच्या आमटीला नावं ठेवायची नसतात. मी म्हटलं, पसंत. ट्रेसीने चकित होऊन कारण विचारलं, तेव्हा मी रस्त्यांची आणि सार्वजनिक संडासांची मनापासून स्तुती केली. ते तिने कुठल्या रकान्यात घातलं, देव जाणे.

आता मत कुणाला? इथे मी आमच्याकडचं शहाणपण वापरलं. नागपुरात ज्या घराला पुढे सुखाने जगायचं असतं त्या घरात एक भाऊ एका पक्षात असतो, दुसरा दुसऱ्या. कुणीही निवडून येवो, नळाचं काम अडत नाही. म्हणून मी निखिलचं मत गाढवाला दिलं, गौरीचं हत्तीला, आणि माझं स्वतःचं तरुण उमेदवाराच्या आजीकडे बघून पुन्हा गाढवाला. आजीचा फोटो पेपरात आला होता. चांगली वाटली मला.

ट्रेसीने नावं विचारली नव्हती. मीच सांगितली, आडनावासकट, एकेक अक्षर सुटं करून. अपुरा फॉर्म मला बघवत नाही. शेवटी तिला म्हटलं, बाळा, घसा बसलाय तुझा, कोमट पाण्याने गुळण्या कर. ती म्हणाली की आज तिच्याशी नीट बोललेली मी पहिलीच. फोन ठेवला तेव्हा मला शाळेतून घरी आल्यासारखं वाटत होतं. निखिल अमेरिकेला गेल्यापासूनच्या सात वर्षांत मला कुणी एवढे प्रश्न विचारले नव्हते, आणि उत्तर पुरं होईपर्यंत थांबलंही नव्हतं.

डोंगराकडे

ऑक्टोबरात एका शनिवारी पानांचे रंग बघायला आम्ही पश्चिमेच्या डोंगरात निघालो. वाटेत एका छोट्या गावात बेकरी लागली. तिथेही मतचाचणी. साखरेची गाढवं आणि साखरेचे हत्ती काढलेली बिस्किटं होती, आणि जे विकलं जाईल त्याची रेघ फळ्यावर. ईशा म्हणाली, "आजी, आय वॉन्ट गणपती." मी पाच हत्ती मागितले. आपल्याला हत्ती दिसला की दुसरं काही सुचतच नाही. बेकरीवाल्याने फळ्यावर मोठ्या उत्साहाने पाच रेघा ओढल्या, रांगेतल्या एका गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या आणि एक बाई माझ्याकडे असं बघू लागल्या, जणू मी त्यांचं काही उचललं होतं. निखिलचा चेहरा उतरला. त्याने पटकन पुढे होऊन पाच गाढवंही घेतली. हत्ती ईशाने वाटेतच संपवले. गाढवं आम्ही सोमवारपर्यंत चहाबरोबर खात होतो.

गाडीत रेडिओ लागला होता. नॉर्थ कॅरोलिनात अटीतटीची लढत आहे, ताज्या मतचाचणीत दोघे जवळजवळ बरोबरीत आहेत, असं निवेदक सांगत होता. बाहेर डोंगर लालभडक झाले होते. आमच्या विदर्भात फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा असं दिसतं, फक्त पळसाला उन्हाची सोबत असते आणि इथे अंगात दोन स्वेटर. मी खुशीत होते. म्हटलं, त्या बरोबरीत आपल्या घराचीही तीन मतं असतील बरं का.

गौरीने रेडिओ बंद केला. "आपल्या घराची म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. ट्रेसी, तीन फॉर्म, रस्ते, संडास. कौतुक होईल अशी माझी अपेक्षा होती. निखिलने गाडी कडेला घेतली, थांबवली, आणि समोर बघत विचारलं, "तू माझं नाव घेऊन सांगितलंस की मी रजिस्टर्ड व्होटर आहे?"

मी म्हटलं, स्पेलिंगसकट.

मग मला कळलं की त्या देशात परक्याने स्वतःला मतदार म्हणवणं हा साधा अपराध नाही. मतदार फक्त नागरिकच होऊ शकतो, आणि नागरिक नसताना नागरिक असल्याचं सांगणाऱ्याची फाइल बंद होते. कार्ड राहिलं बाजूला, देशच सोडावा लागतो. निखिलने हे सगळं अगदी हळू आवाजात सांगितलं. ओरडला असता तर बरं वाटलं असतं मला. वकीलबाईंना लावायला त्याने फोन काढला, पण डोंगरात रेंज नव्हती. पुढच्या वळणावर मिळाली तेव्हा त्यांच्या ऑफिसच्या मशीनने सांगितलं, सोमवारी फोन करा.

ते दोन दिवस डोंगरातल्या हॉटेलात राहून आम्ही पानं बघितली. माणसं एरवी जशी डोंगर बघतात तशी नाही, डॉक्टरांच्या बाहेर बसून भिंतीवरचं कॅलेंडर बघावं तशी. गौरी माझ्याशी नेहमीपेक्षा जास्त गोड बोलत होती, आणि त्यावरूनच मला तिची भीती कळत होती. दोघं बाल्कनीत जाऊन कुजबुजत. घराचं कसं करायचं, ईशाची शाळा, एवढे शब्द काचेआडून कानावर येत. मी आत बसून ईशाची वेणी घालत होते आणि स्वतःला बोल लावत होते. एकतीस वर्षं घरोघर नोंदी केल्या, पण एका माहितीने दुसऱ्याचं घर उठू शकतं हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

इथे एक गोष्ट लिहूनच टाकते. रविवारी दुपारी सगळे झोपले होते, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी मनातल्या मनात नागपूरच्या घराची मांडामांड करते आहे. वरची खोली निखिल-गौरीला, देवघराशेजारची ईशाला. ईशाच्या आजोबांना जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून वरच्या खोलीत गाद्यांचा ढीग आहे. तो कुठे हलवायचा, ईशाचं नाव कुठल्या शाळेत घालायचं, जेवायच्या टेबलाला दोन खुर्च्या कमी पडतील, इथवर मी पोचले होते. मला आनंद होत होता. मुलगा पलीकडच्या खोलीत काळजीने झोपेत दात खात होता आणि मला आनंद होत होता. लाज वाटली, उठून तोंड धुतलं, पण खुर्च्यांचा विचार काही थांबेना.

सोमवार

वकीलबाईंचा फोन निखिलने स्वयंपाकघरात स्पीकरवर लावला. त्याने आधी माझं वय सांगितलं, मग माझी नोकरी, मग गुन्हा. बाईंनी विचारलं, अर्जात कुठे लिहिलंत का? नाही. मतदार यादीत नाव घातलंत का? नाही. तुम्ही स्वतः कुणाला सांगितलंत का? नाही, आईने. मतचाचणीवाल्यांना.

बाई हसायला लागल्या. हसून झाल्यावर म्हणाल्या, आईने फोनवर सांगून मुलगा नागरिक होत असता तर माझा धंदाच बसला असता. त्या चाचण्या कुठल्याही सरकारी दारापर्यंत जात नाहीत. तुमच्या फाइलला काही होत नाही. मात्र आईंना पुन्हा फोन उचलू देऊ नका, आणि पुढच्या वेळी चाचणी चुकली की ती कशामुळे चुकली हे मला कळेल, असंही म्हणाल्या.

गौरी खुर्चीत बसली आणि रडली. मग उठून तिने साजूक तुपातला शिरा केला. निखिल सात वर्षांनी पहिल्यांदा मोठ्याने हसत घरभर हिंडला. अर्ल कुंपणाशी होते, त्यांना बोलावून शिरा दिला. त्यांनी तो चमच्याने दोनदा घेतला आणि हे काय आहे विचारलं. निखिल म्हणाला, सेलिब्रेशन. कशाचं ते त्याने सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

जेवणं झाल्यावर मी भांडी विसळत होते आणि निखिल पुसत होता. लहानपणी पुसायचा तसाच, आतून आधी आणि बाहेरून नंतर. त्याने एक पातेलं जरा जास्तच वेळ पुसलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, खरं सांग. आम्हाला कार्ड मिळावं, असं वाटतं ना तुला?"

इतकी वर्षं दारोदार प्रश्न विचारले आहेत मी. विचारणाऱ्याला कुठलं उत्तर हवंय ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत असेल तर ती नोंद कुचकामी, हे नव्या शिक्षकांना मीच शिकवत असे. निखिलच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. आणखीही एक दिसत होतं, की मी दुसरं काही बोलले असते तर त्याने ते ऐकलं असतं, आणि मग जन्मभर त्याचं ओझं वाहिलं असतं.

"म्हणजे काय," मी म्हटलं. "मनापासून वाटतं."

त्याने मान हलवली आणि पातेलं फडताळात ठेवलं. खरं मानलं त्याने.

निवडणुकीत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मी नोव्हेंबरअखेर परत आले आणि तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला, कार्ड मिळालं. मी त्याच संध्याकाळी संत्रा बर्फी आणली आणि गल्लीत घरोघर वाटली. प्रत्येक दारात तोच प्रश्न होता, आता खूश ना बाई? मी सतरा घरं केली. सतराही घरी एकच उत्तर दिलं.